जनावराची रक्त तपासणी: रक्त बनतं कुठं, सॅम्पल कसं द्यायचं आणि रिपोर्ट कसा वाचायचा

ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे किंवा गोठ्यात गाय-शेळी बांधलेली आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. मी नागपुरात जनावरांच्या रक्ताच्या स्लाइड, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब, बघायचं काम करतो, आणि रोज व्हॉट्सॲपवर कोणी ना कोणी रिपोर्टचा फोटो पाठवतं, त्यात एक आकडा लाल असतो आणि खाली विचारलेलं असतं, "भाऊ, प्लेटलेट ४० हजार आल्या, आता काय?" माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, स्लाइड बघितली का कोणी? मशीनचा आकडा ही सुरुवात आहे. तो कोणत्या जनावराचा, सॅम्पल कसं काढलं, स्लाइडवर काय दिसलं आणि चार दिवसांनी तो आकडा कुठं गेला, हे सगळं जोडलं तर त्याला अर्थ येतो. सगळं क्रमाने सांगतो, जिथं लोकांचं जास्त चुकतं तिथं जरा जास्त थांबतो.

आधी रक्त बनतं कुठं ते समजून घ्या

पिल्लू पोटात असताना रक्त लिव्हर आणि स्प्लीनमध्ये बनतं, जन्माच्या आसपास हे काम बोन मॅरोकडे (हाडातल्या मगजाकडे) येतं, आणि मोठ्या जनावरात ते मुख्यतः कमरेचं हाड, छातीचं हाड, बरगड्या, मणके आणि मांडी-दंडाच्या हाडाचं वरचं टोक इथं चालतं. तिथल्या एकाच मूळ पेशीपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट बनतात. तांबड्या पेशी किती बनवायच्या याचा हुकूम किडनीतून निघणारं एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन देतं, म्हणून किडनी गेलेल्या म्हाताऱ्या कुत्र्या-मांजराच्या हिरड्या पांढऱ्या पडतात आणि नुसत्या आयर्नच्या सिरपने काही होत नाही.

आता आयुष्य बघा. कुत्र्याची तांबडी पेशी साधारण ११० दिवस जगते, मांजराची ७० च्या आसपास, गाईची १३० ते १६०. प्लेटलेट जगते जेमतेम ५ ते ७ दिवस. आणि न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, रक्तात काही तासच फिरते मग टिश्यूमध्ये निघून जाते. त्यामुळे मॅरोला मार बसला की आधी न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट पडतात, हिमोग्लोबिन मागाहून हळूहळू उतरतं. उलट हिमोग्लोबिन दोन दिवसात धाडकन खाली आलं असेल तर मॅरोने काम थांबवलं म्हणून ते इतकं लवकर पडूच शकत नाही, रक्त एकतर कुठंतरी वाहून गेलं नाहीतर तांबड्या पेशी अंगातच फुटल्या. हे एवढं डोक्यात बसलं की रिपोर्टचा अर्धा गोंधळ संपतो. रक्त कमी होण्याची कारणं तीनच, वाहून गेलं, फुटलं किंवा बनलंच नाही.

पहिल्या दोन प्रकारात मॅरो चांगला असेल तर तो कच्च्या तांबड्या पेशी, ज्यांना रेटिक्युलोसाइट म्हणतात, जोरात बाहेर सोडतो, पण त्याला ३ ते ५ दिवस लागतात. म्हणून आज ॲक्सिडेंट झाला आणि आजच रेटिक कमी आलं तर मॅरो खराब आहे असं कोणी म्हणू नये. घोडा हा अपवाद, तो रेटिक्युलोसाइट रक्तात सोडतच नाही, त्याचा अंदाज वेगळ्या तऱ्हेने घ्यावा लागतो.

दवाखान्यात जायच्या आधी

नुसत्या सीबीसीसाठी (रक्तातल्या सगळ्या पेशींची मोजणी) उपाशी ठेवणं सक्तीचं नाही, पण कुत्र्या-मांजराला ८ ते १० तास खाऊ न घालणं बरं, कारण जेवणानंतर सीरममध्ये चरबी येते आणि हिमोग्लोबिन खोटं जास्त दाखवतं, शिवाय लिव्हर-किडनीची तपासणी त्याच वेळी होऊन जाते. पाणी मात्र कधीच बंद करायचं नाही. लहान पिल्लू किंवा शुगरसाठी इन्सुलिनचं इंजेक्शन चालू असलेलं जनावर असेल तर उपाशी ठेवायच्या आधी डॉक्टरला विचारा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर जा. आपल्याकडे ४५ अंशावर पारा जातो, दुपारी बारा वाजता स्कूटरवर समोर बसवून मानेवाड्यावरून सदरला आणलेलं लॅब्रॅडॉर दवाखान्यात पोचेपर्यंत धापा टाकत असतं, आणि त्या अवस्थेत काढलेलं रक्त काय सांगणार. उष्माघात झालेल्या कुत्र्याच्या स्लाइडवर तर केंद्रक (पेशीच्या आतला गाभा) असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी भरपूर दिसतात, कारण उष्णतेने मॅरोलाच इजा होते, आणि मशीन त्यांना पांढऱ्या पेशी समजून मोजतं. मग डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशींचा आकडा) २०,००० आला म्हणून इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक सुरू होतात. अशा वेळी हिशेब दुरुस्त करतात, मोजलेला डब्ल्यूबीसी गुणिले १००, आणि त्याला भागिले (१०० अधिक कच्च्या पेशी). दर १०० पांढऱ्या पेशींमागे २५ कच्च्या पेशी असतील तर २०,००० चे खरे १६,००० होतात, म्हणजे नॉर्मल. उष्माघातात प्लेटलेट पहिल्या दिवशी ठीक आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पडलेल्या असं पण होतं, म्हणून एकाच दिवसाच्या रिपोर्टवर निश्चिंत व्हायचं नाही.

घरी दिलेली सगळी औषधं एका कागदावर लिहून न्या. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सा दिलं असेल तर ते लपवू नका, कारण स्टिरॉइडने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि रिपोर्ट बघणारा भलत्याच रस्त्याला लागतो. घाबरलेल्या मांजरात नुसत्या भीतीने लिम्फोसाइट वाढतात, तेव्हा मांजराला बास्केटमध्ये, वरून टॉवेल टाकून, शांत आणा.

रक्त काढताना

काढायचं काम डॉक्टरचं किंवा शिकलेल्या माणसाचंच. तुमचं काम धरायचं आणि दोन-तीन गोष्टींकडे लक्ष ठेवायचं. कुत्र्याचं रक्त पुढच्या पायाच्या शिरेतून, मागच्या पायाच्या बाहेरच्या शिरेतून किंवा मानेतून काढतात, मांजराचं मानेतून किंवा पायातून, शेळीचं मानेतून. गाईचं शेपटी सरळ वर उचलून बुडाकडच्या खालच्या खाचेतून छान निघतं, नाहीतर मानेतून. प्लेटलेट कमी असल्याचा संशय असेल, हिरड्यांवर किंवा पोटाच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसत असतील, तर मानेची मोठी शिर टाळायला सांगा, पायातून घ्या आणि नंतर कापूस नेहमीपेक्षा जास्त वेळ, पाच मिनिटं तरी, दाबून धरा.

सीबीसीला जांभळ्या झाकणाची ईडीटीए (रक्त गोठू न देणारं औषध) असलेली ट्यूब लागते, बायोकेमिस्ट्रीला लाल, रक्त गोठण्याच्या तपासणीला निळी, शुगरला राखाडी. जांभळ्या ट्यूबवर रेघ असते तिथपर्यंतच रक्त भरायचं. २ मिलीच्या ट्यूबमध्ये अर्धा मिली टाकलं तर ईडीटीए जास्त होतं, पेशी आकसतात आणि पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) खोटा कमी येतो. लहान पिल्लू किंवा मांजर असेल तर छोटी ट्यूब मागा. सिरिंजमधून सुईसकट जोरात रक्त मारलं की पेशी फुटतात, म्हणून सुई काढून ट्यूबच्या भिंतीवरून सावकाश सोडायचं, लगेच झाकण लावून ८-१० वेळा हळूच उलटीपालटी करायची. हलवत बसायचं नाही. आणि ट्यूबमध्ये एवढीशी जरी गाठ दिसली तरी ते सॅम्पल फेकून दुसरं घ्या, गाठीत प्लेटलेट अडकतात आणि मग रिपोर्टमध्ये ३० हजार प्लेटलेट बघून घरात कोणाला झोप येत नाही.

ट्यूबवर जनावराचं नाव, जात, वय, तारीख आणि रक्त काढल्याची वेळ लिहा. "डॉगी" एवढंच लिहिलेल्या ट्यूबा एकाच दिवशी चार येतात.

लॅबपर्यंत नेणं

काटोल, कळमेश्वर, हिंगण्याकडून सॅम्पल येतात ते कित्येकदा गाडीच्या डिकीत गरम होऊन आलेले असतात, प्लाझ्मा (पेशी खाली बसल्यावर वर राहणारं पाणी) लालभडक, पेशी फुटलेल्या. थर्माकोलचा डबा, त्यात जेल पॅक, त्याच्यावर कापड किंवा पेपर आणि मग ट्यूब. बर्फाला ट्यूब थेट टेकवली तर रक्त गोठून फुटतं, ते उन्हात नेल्याइतकंच वाईट. ४ ते ८ अंशावर ठेवलं तर २४ तासांच्या आत सीबीसी लावता येतो, पण स्लाइड मात्र रक्त काढल्याबरोबर तिथंच बनवायची. स्लाइड फ्रिजमध्ये ठेवायची नाही, पाणी सुटतं, आणि फॉर्मलिनच्या बाटलीसोबत एकाच पिशवीत तर अजिबात नाही, त्याच्या वाफेने पुढे रंगच चढत नाही.

लॅबला एक प्रश्न जरूर विचारा, मशीनमध्ये त्या जनावराचं सेटिंग आहे का? माणसांच्या मशीनवर शेळीचं रक्त लावलं तर घोळ होतो, कारण शेळीची तांबडी पेशी ३-४ मायक्रॉनची, कुत्र्याची ७ ची. एवढी बारीक पेशी मशीन प्लेटलेट समजतं नाहीतर सोडून देतं. मांजराच्या प्लेटलेट मोठ्या आणि चिकटणाऱ्या, त्या उलट तांबड्यात मोजल्या जातात. कोंबडी-पोपटाच्या तांबड्या पेशीत केंद्रकच असतं, तिथं साधं मशीन कामाचंच नाही, हाताने मोजावं लागतं.

स्लाइड, जिच्याशिवाय रिपोर्ट पूर्ण समजू नका

काचपट्टीच्या एका टोकाला रक्ताचा छोटा थेंब. दुसरी पट्टी साधारण ३०-४० अंशात तिरपी धरून थेंबाला मागे टेकवायची, थेंब तिच्या कडेने दोन्ही बाजूला पसरला की एका झटक्यात, न दाबता, पुढे सरकवायची. चांगली स्लाइड अंगठ्याच्या आकाराची उमटते, सुरुवातीला जाड आणि शेवटी मोराच्या पिसासारखी पातळ कड. हवेत हलवून लगेच वाळवायची, दमट दिवसात उशीर केला तर तांबड्या पेशींत चमकणारे गोल तयार होतात आणि नवीन माणूस त्यांनाच बेबेसिया (गोचिडीतून येणारा, तांबड्या पेशीत राहणारा परजीवी) म्हणून मोकळा होतो. मग मिथेनॉलने फिक्स करून जिम्सा किंवा लीशमन स्टेन.

मी सगळ्यात आधी त्या पातळ कडेवर जातो. प्लेटलेटचे गुच्छ तिथंच जमा होतात. मशीनने १८ हजार लिहिलेल्या मांजराच्या स्लाइडवर कडेला जांभळे ढिगच्या ढिग दिसले की समजायचं, प्लेटलेट भरपूर आहेत, नुसत्या चिकटल्यात. मग पेशी एकेकट्या पसरलेल्या भागात येऊन ऑइल इमर्शनच्या १०० च्या लेन्सने दहा जागी मोजायचं, सरासरीला १५,००० ने गुणलं की अंदाज मिळतो. कुत्र्यात एका जागी १० च्या वर दिसल्या तर काळजी नाही, एकच दिसत असेल तर खरंच धोका आहे.

बेबेसिया शोधायचा असेल तर कानाच्या टोकाला टोचून निघालेल्या पहिल्या थेंबाची स्लाइड घ्या, बारीक रक्तवाहिन्यांत परजीवी असलेल्या पेशी जास्त अडकतात. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जिवाणूचे मोरुला, म्हणजे पुंजके, मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशीत असतात पण ते क्वचितच दिसतात. स्लाइडवर दिसले नाही म्हणजे गोचीड ताप नाही असा अर्थ लावू नका, तिथं पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) किंवा अँटिबॉडीची किट लागते, आणि अँटिबॉडी जुन्या इन्फेक्शनची पण असू शकते हे लक्षात ठेवा.

रिपोर्ट वाचायचा क्रम

पहिलं, एकक बघा. प्लेटलेटसमोर ४५ लिहिलं असेल आणि पुढं १० चा तिसरा घात असेल तर ते ४५ हजार, ४५ नाही. दरवर्षी या एका गोष्टीवरून लोक रडत फोन करतात.

दुसरं, हिमोग्लोबिनला ३ ने गुणा, पीसीव्हीच्या जवळ आलं पाहिजे. हिमोग्लोबिन ९ तर पीसीव्ही २७ च्या आसपास. मोठा फरक असेल तर सॅम्पल फुटलेलं किंवा चरबीचं आहे, परत काढा.

मग नॉर्मलशी तुलना. कुत्र्याचा पीसीव्ही साधारण ३७ ते ५५, हिमोग्लोबिन १२ ते १८, डब्ल्यूबीसी ६ ते १७ हजार, प्लेटलेट २ ते ५ लाख. मांजराचा पीसीव्ही २४ ते ४५ च्या दरम्यान, हिमोग्लोबिन ८ ते १५. गाईचा २४ ते ४६, शेळीचा २२ ते ३८. म्हणजे शेळीचा पीसीव्ही २८ आला तर ती ठणठणीत आहे आणि कुत्र्याचा २८ आला तर ॲनिमिया आहे. ग्रेहाउंडसारख्या पळणाऱ्या जातीत पीसीव्ही वर असतो, पिल्लांत खाली असतो, दोन्ही नॉर्मल. तुमच्या लॅबची स्वतःची रेंज छापलेली असेल तर ती धरा.

जिथं सेंट्रिफ्यूज आहे तिथं पीसीव्हीची बारीक नळी स्वतःच्या डोळ्याने बघायला मागा. वरचा प्लाझ्मा पाण्यासारखा किंवा फिकट असेल तर ठीक, पण कुत्र्या-मांजराचा पिवळाधमक असेल तर कावीळ, लाल असेल तर पेशी फुटल्यात. गाईचा थोडा पिवळा असतोच, हिरव्या चाऱ्यामुळे.

पांढऱ्या पेशींत टक्के सोडा, खरी संख्या काढा. डब्ल्यूबीसी ४०,००० आणि लिम्फोसाइट ५ टक्के, म्हणजे २,०००, म्हणजे कुत्र्यात एकदम नॉर्मल, "लिम्फोसाइट लो" म्हणून घाबरायचं काही नाही. गाईत लिम्फोसाइट न्यूट्रोफिलपेक्षा जास्त असणं हेच नॉर्मल, माणसांच्या रेंजने बघणारी लॅब तिथं उगाच लाल खूण करते. अजून एक, गाईच्या मॅरोत न्यूट्रोफिलचा साठा कमी असतो, त्यामुळे जोरदार मस्टायटिसमध्ये (कासदाहात) सुरुवातीला डब्ल्यूबीसी वाढायच्या ऐवजी पडतो. कमी आकडा बघून "इन्फेक्शन नाही" म्हणणारा तिथं फसतो.

तिन्ही ओळी एकत्र कमी, म्हणजे तांबड्या, पांढऱ्या आणि प्लेटलेट सगळंच खाली, आणि रेटिक पण नाही, तर गोष्ट मॅरोची आहे. जुना एर्लिकिया हे आपल्याकडचं मोठं कारण. मेटिंग चुकून झालं म्हणून दिलेलं इस्ट्रोजेनचं इंजेक्शन पण कुत्रीचा मॅरो बसवू शकतं. तिथं डॉक्टर बोन मॅरो काढायला सांगतील, दंडाच्या किंवा कमरेच्या हाडातून, भूल देऊन. ऐकायला भयंकर वाटतं पण प्लेटलेट कमी असताना सुद्धा ही तपासणी करता येते, टाळू नका.

आपल्या भागात जे सारखं सापडतं

कुत्र्यात एर्लिकिया, बेबेसिया, ॲनाप्लाझ्मा प्लॅटिस (प्लेटलेटमध्ये बसणारा जिवाणू) आणि हिपॅटोझून (हा पण परजीवीच). पहिल्या दोघांचं मूळ ती तपकिरी गोचीड, जी कुत्र्याच्या अंगापेक्षा भिंतीच्या भेगेत, कूलरच्या मागे, पलंगाखाली जास्त राहते. हिपॅटोझून चावण्याने होत नाही, कुत्र्याने गोचीड गिळली की होतो. एर्लिकिया पहिल्या दोन-चार आठवड्यात ताप आणि कमी प्लेटलेट दाखवतो, मग कुत्रं आपोआप बरं झाल्यासारखं वाटतं, आणि महिनोन्महिने आत बसून काही कुत्र्यांचा मॅरोच खातो. म्हणून २८ दिवसांचा डॉक्सीसायक्लिन कोर्स सातव्या दिवशी "आता जेवतो ना" म्हणून बंद करू नका, हात जोडून सांगतो. बेबेसिया गिबसोनीत पेशी फुटतात, हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या होतात, लघवी गडद होते, आणि त्याचं औषध वेगळं आहे, नुसतं डॉक्सी पुरत नाही. पपईच्या पानाचं सिरप द्यायचं तर डॉक्टरला विचारून द्या पण त्याने जंतू मरत नाही.

ताप आला म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कधीच नाही. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळी जिवावर बेतते, रक्त चॉकलेटी पडतं आणि तांबड्या पेशी फुटायला लागतात. कांदा-लसणाने पण कुत्र्या-मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, भाजीचा रस्सा कालवून पोळी देणाऱ्यांनी हे लक्षात घ्या.

संकरित गाईत थायलेरिया (हा पण गोचिडीतून येणारा परजीवी) देशीपेक्षा जास्त जोरात येतो. ताप, खांद्यासमोरची गाठ सुजलेली, दूध बसलेलं, अशी गाय असेल तर रक्तासोबत त्या गाठीतून सुईने घेतलेली स्लाइड पण द्या, सुरुवातीला परजीवी तिथं आधी सापडतो. शेळ्यांत पावसाळ्यात हिमाँकस जंत. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त पितो, म्हणजे ५,००० जंत असतील तर पाव लिटर. दर दोन आठवड्यांनी शेळीची खालची पापणी उजेडात उघडून बघा, लालबुंद असेल तर ठीक, फिकट गुलाबी झाली तर लक्ष ठेवा, पांढरी पडली किंवा जबड्याखाली पाणी उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टर. यावरूनच दक्षिण आफ्रिकेत १ ते ५ क्रमांकाचं रंगीत कार्ड निघालं, फमाचा म्हणतात, कळप मोठा असेल तर फार उपयोगी पडतं.

परत तपासणी आणि रक्त द्यायची वेळ

ॲनिमिया असेल तर ४-५ दिवसांनी पीसीव्ही आणि रेटिक परत. गोचीड तापात औषध सुरू केल्यावर प्लेटलेट बहुतेक आठवड्याभरात चढायला लागतात, तेव्हा एक सीबीसी, आणि कोर्स संपल्यावर अजून एक. आठवड्याने पण चढल्या नाहीत तर सोबत दुसरं काही आहे, बेबेसिया नाहीतर शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारून राहिलं, ते शोधावं लागतं. दोन्ही वेळा लॅब एकच ठेवा.

पीसीव्ही १५ च्या खाली आणि कुत्रं धापा टाकतंय, उभं राहवत नाही, तर रक्त चढवायची गोष्ट निघते. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासूनचं आहे, अशा केसमध्ये तुमच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घेऊन तिथं विचारता येतं. डोनर कुत्रं २५ किलोच्या वरचं, १ ते ८ वर्षांचं, लस पूर्ण झालेलं आणि गोचिडीच्या आजारांची तपासणी निगेटिव्ह आलेलं लागतं. कुत्र्याला पहिल्यांदा रक्त देताना बहुतेक वेळा निभावून जातं, तरी क्रॉस मॅच (दोघांचं रक्त जुळतं का ते बघणं) करणं चांगलं, आणि आधी कधी रक्त दिलेलं असेल तर क्रॉस मॅचशिवाय नाहीच. मांजरात पहिल्याच वेळेला ग्रुप बघावा लागतो, बी ग्रुपच्या मांजराला ए ग्रुपचं थोडं रक्त सुद्धा जीवघेणं ठरतं. ज्यांच्याकडे मोठं, तब्येतीचं कुत्रं आहे त्यांनी आपल्या डॉक्टरकडे डोनर म्हणून नाव आणि फोन नंबर आधीच लिहून ठेवा, कारण रक्त लागतं तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि डोनरची तपासणी करायला पण एखाद तास जातो.